प्रिंटमध्ये पैठणीचा राणी कलर विटका येतोय, प्रिंटर बदलू की सेटिंग?

येवल्याची_पैठणी:
नमस्कार मंडळी. आमचा पैठणीचा घरचा छोटा व्यवसाय आहे, माग दीर बघतात, फोटो आणि विक्री माझ्याकडे. प्रदर्शनात टेबलवर ठेवायला साड्यांचा अल्बम घरीच प्रिंट करायचाय, माल सारखा बदलतो त्यामुळे दरवेळी लॅबला देणं परवडत नाही. सहा रंगांचा इंक टँक प्रिंटर आहे, शाई कंपनीचीच, पेपर इथल्याच दुकानातला २३० जीएसएम ग्लॉसी. फोटो आयफोनवर काढते, व्हॉट्सॲपने लॅपटॉपवर घेते आणि विंडोजच्या फोटोज ॲपमधून डायरेक्ट प्रिंट देते.

स्क्रीनवर राणी कलर एकदम झक्क दिसतो, कागदावर विटका येतो, मोरपंखी काळपट, पोपटीचा मेंदी कलर होतो आणि सोनेरी जर तर चक्क तपकिरी. सॅच्युरेशन वाढवून बघितलं तर पदरावरचे मोर भरून जातात, बारीक विणकाम दिसतच नाही. गिऱ्हाईक अल्बम बघून ऑर्डर देतं आणि हातात वेगळा रंग पडला तर पुन्हा येत नाही, म्हणून हे मला नीट समजून घ्यायचंय. सगळे म्हणतायत प्रिंटर बदल. खरंच बदलू का?

शाईवाला_नाशिक:
प्रिंटर बदलू नका हो ताई, सहा रंगांचा आहे म्हणजे फोटोसाठी चांगलाच आहे. आधी हे शोधा की गडबड फोटोत आहे की छपाईत. त्यासाठी नेटवर प्रिंटर टेस्ट इमेज फुकट मिळते, तिच्यात चेहरे असतात, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाची पट्टी असते आणि भडक रंगांचे चौकोन असतात. ती काहीही न बदलता प्रिंट करा आणि करडी पट्टी दिवसाउजेडी बघा. पट्टीत गुलाबी किंवा हिरवी झाक आली तर दोष छपाईत, पट्टी स्वच्छ करडी आली आणि तरी साडी चुकीची येत असेल तर फोटो किंवा स्क्रीन बघायची. हे केल्याशिवाय स्लायडरला हात लावू नका, एक रंग सुधारायला जाल तर दुसरे दोन बिघडतील.

टेस्टच्या आधी नोझल चेक काढा, म्हणजे शाईची बारीक छिद्रं उघडी आहेत का ते दाखवणारं रेषांचं पान. पिवळ्या रेषा पांढऱ्या कागदावर नीट दिसत नाहीत आणि नेमकी तीच लाइन तुटलेली असली की हिरवा, केशरी, जर सगळंच जातं. मोबाइलवर पूर्ण निळी स्क्रीन लावा, खोलीत अंधार करा आणि त्या उजेडात कागद धरा, पिवळ्या रेषा काळ्या दिसतात. फिक्या निळ्या आणि फिक्या गुलाबीच्या रेषाही तशाच निरखून बघा. तुटक असतील तर एकदा-दोनदा हेड क्लीनिंग करा आणि तरी नाही आलं तर मशीन रात्रभर तसंच ठेवून सकाळी परत बघा, लागोपाठ क्लीनिंग करत सुटलात तर शाई वाया जाते आणि वेस्ट इंक पॅड (वाया गेलेली शाई शोषणारा स्पंज) भरत जातो.

आता मुख्य गोष्ट, माझा संशय इथेच आहे. प्रिंट देताना पेपर टाइप काय असतो? बहुतेक प्लेन पेपर असणार, कारण तोच डिफॉल्ट असतो. ड्रायव्हर (लॅपटॉपमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) त्यावरून ठरवतो शाई किती सोडायची आणि कुठला रंग कशात मिसळायचा. प्लेनसाठी तो शाई हात राखून सोडतो, म्हणून ग्लॉसीवर रंग मेल्यासारखे दिसतात. ग्लॉसी फोटो पेपर निवडा, क्वालिटी हाय. तुमचा पेपर प्रिंटरच्या कंपनीचा नाही त्यामुळे यादीतल्या दोन-तीन ग्लॉसी पर्यायांवर तीच टेस्ट इमेज छोट्या साइजमध्ये काढून शेजारी शेजारी ठेवा, ज्यात करडी पट्टी जास्तीत जास्त स्वच्छ येईल तो पर्याय पेपरच्या पाकिटावर लिहून ठेवा. आणि हो, पेपर एका बाजूनेच ग्लॉसी असेल तर चकचकीत बाजूवरच छापायचं.

फोटोशॉप वापरत असाल तर अजून एक. रंग सांभाळायचं काम एकानेच करायचं. फोटोशॉप मॅनेजेस कलर्स ठेवलंत तर पेपरचं प्रोफाइल (त्या पेपरवर कुठला रंग कसा उतरतो ते सांगणारी फाइल) तिथे निवडायचं आणि ड्रायव्हरमध्ये नो कलर ॲडजस्टमेंट, प्रिंटर मॅनेजेस कलर्स ठेवलंत तर उलट. दोघांनीही हात घातला की दुरुस्ती दोनदा होते आणि सगळ्या प्रिंटवर कसलीतरी झाक येते.

फोटोगिरी_कोल्हापूर:
वरच्या दादांनी छपाईचं सांगितलंच आहे, मी फोटोचं सांगतो. व्हॉट्सॲपने फोटो घेणं आधी बंद करा, साध्या पद्धतीने पाठवला की तो लहान करतो आणि काठाची नक्षी तिथेच मरते. केबलने घ्या नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ४ बाय ६ इंचाच्या चांगल्या प्रिंटला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल तरी पाहिजेत.

दुसरं, आयफोन ७ पासूनचे फोन डिस्प्ले पी३ मध्ये फोटो काढतात. ही रंगांची चौकट एसआरजीबी या नेहमीच्या चौकटीपेक्षा मोठी आहे आणि जे ॲप फोटोसोबतचं प्रोफाइल (कुठली चौकट ते सांगणारी नोंद) वाचत नाही ते त्याच आकड्यांना एसआरजीबी समजून छापतं, मग राणी, लाल, हिरवा हेच रंग सगळ्यात जास्त फिके पडतात. तुमचे तर नेमके तेच रंग आहेत! प्रोफाइल ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडून एसआरजीबीत कन्व्हर्ट करा आणि मग प्रिंट द्या. कन्व्हर्ट करायचं बरं का, नुसतं प्रोफाइलचं लेबल बदलायचं नाही.

साडी दुपारी सावलीत किंवा उत्तरेच्या खिडकीपाशी ठेवा, घरातले दिवे सगळे बंद. खिडकीचा उजेड आणि ट्यूब एकत्र आले की साडीचा अर्धा भाग निळसर आणि अर्धा पिवळसर येतो, तो नंतर कुठल्याच स्लायडरने सुधरत नाही. त्याच उजेडात एक फोटो ग्रे कार्डाचा (शुद्ध करड्या रंगाचं कार्ड) घ्या आणि त्यावरून सगळ्यांचं व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची झाक काढायची सेटिंग, सेट करा. धूपछाव साडी असेल तर ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे सपाट अंथरून फोटो काढला तर एकच मधला रंग येतो, दोन चुण्या पाडा म्हणजे दोन्ही रंग दिसतील.

येवल्याची_पैठणी:
खूप खूप आभार दोघांचे. पेपर टाइप खरंच प्लेन होता. ग्लॉसी केला, फोटो केबलने घेऊन एसआरजीबी केला आणि राणी कलर जवळजवळ बरोबर आला, मोरपंखीसुद्धा उघडला, दीर म्हणाले आता ही आपली साडी वाटते. पण पोपटी अजून मरगळलेलाच आहे आणि जर पिवळी सपाट दिसते. इथला एक डिझायनर म्हणाला फाइल सीएमवायके करून दे. करू का?

शाईवाला_नाशिक:
अजिबात नको. सीएमवायके फाइल, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशोबाने रंग लिहिलेली, ऑफसेट प्रेसला लागते. घरगुती प्रिंटरचा ड्रायव्हर आरजीबीच (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा) मागतो आणि पुढचं रूपांतर स्वतः करतो, तुम्ही आधीच सीएमवायके केलंत तर भडक रंग तिथेच कापले जातात.

पोपटीचं स्पष्ट सांगतो, तो रंग पूर्ण येणारच नाही. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फक्त पडलेला उजेड परत देतो, आणि निळी-पिवळी शाई मिळून जो हिरवा होतो तो रेशमाच्या पोपटीइतका तेजस्वी नसतो. तुमच्या हातात एवढंच आहे की तो निदान घाण दिसू नये. फोटोशॉपमध्ये रेंडरिंग इंटेंट (कागदावर न येणारे रंग कसे बसवायचे ती सेटिंग) परसेप्च्युअल ठेवून बघा, तो सगळेच रंग थोडे आत ओढतो पण बुट्टीची नक्षी टिकवतो. रिलेटिव्ह कलरिमेट्रिकमध्ये बाकीचे रंग जास्त अचूक येतात, पण जे प्रिंटरच्या आवाक्याबाहेरचे असतात ते कापले जातात आणि भरलेला पदर एकसारखा ठोकळा दिसतो. लॅपटॉपचा ब्राइटनेसही कमी करा, प्रिंटशेजारी कोरा पांढरा कागद धरा आणि स्क्रीनचा पांढरा त्याच्याइतका होईपर्यंत उतरवा. नाइट लाइट चालू असेल तर बंद.

आणि गिऱ्हाइकाच्या विश्वासाचा प्रश्न आहे म्हणून सुचवतो, अल्बममध्ये फोटोशेजारी त्याच साडीच्या रेशमाचे दोन-चार धागे चिकटवा, पोपटी-राणी साड्यांना तर नक्कीच. बघणाऱ्याला खरा रंग हातात मिळतो.

फोटोगिरी_कोल्हापूर:
जरीबद्दल, सोनेरी अशी शाई तुमच्या मशीनमध्ये नाहीच, डोळ्याला सोनं दिसतं ते चमक आणि सावली शेजारी शेजारी असल्यामुळे. म्हणून सॅच्युरेशन नाही, कॉन्ट्रास्ट वाढवा आणि तोही फक्त काठावर. फोटो काढतानाच उजेड एका बाजूने तिरका येऊ द्या म्हणजे जरीचा अर्धा धागा चमकेल आणि अर्धा गडद राहील.

कोकणी_माणूस:
उशिरा लिहितोय पण हे कुणी सांगितलं नाही. प्रिंट निघाल्या निघाल्या रंग जोखू नका, अशी शाई बसायला काही तास लागतात, सुरुवातीला प्रिंट गडद किंवा वेगळ्या झाकेची दिसते. आमच्याकडे रत्नागिरीला पावसाळ्यात तर मी दुसऱ्या दिवशीच बघतो. ओली प्रिंट लगेच प्लास्टिकच्या पाकिटात सरकवली तर आतून धुकं धरतं आणि चिकटते. उरलेले पेपर झिपच्या पिशवीत ठेवा, दमट झालेल्या पेपरवर कडा पसरतात.

प्रदर्शनातल्या दिव्यांकडेही लक्ष द्या, स्वस्त एलईडीत गडद लाल कमी असतो त्यामुळे तिथे राणी आणि कुंकवाचा लाल दोन्ही मरतात, साडी आणि अल्बम दोन्हींचे. सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वरचा एक बल्ब घेऊन जा आणि टेबलवर लावा. आणि अल्बम उन्हात उघडा ठेवू नका, डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) उजेडाने उडते.