मदत हवी आहे: डिझेल ऑटोमॅटिक की हायब्रिड? पाच सीटर एसयूव्ही, शनिवारच्या आत ठरवायचंय

मांजराकाठ
नमस्कार. तीन आठवडे झाले, रोज रात्री व्हिडिओ बघून डोकं जड व्हायलंय आणि ठरत काहीच नाही. ह्युंदाईची क्रेटा डिझेल ऑटोमॅटिक, टाटाची नवी सिएरा डिझेल ऑटोमॅटिक आणि मारुतीची ग्रँड विटारा हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी), या तिघींवर येऊन अडकलोय. शोरूमवाला म्हणतो शनिवारी टोकन दिलं तरच पाडव्याला गाडी दारात येईल. आपल्याकडचे रस्ते कसे आहेत ते सगळ्यांना माहीतच आहे. ज्यांनी चालवली आहे त्यांनीच सांगा, कोणती घ्यावी? लवकर सांगा, प्लीज.

बालाघाट
बजेट किती? महिन्याचं रनिंग किती? गाव कोणतं? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

समृद्धीवाला
डिझेल. दुसरा विचारच करू नका. मी जालन्याचा, क्रेटा डिझेल ऑटोमॅटिक वापरतो. जालन्यातून समृद्धीला लागलो की थेट भिवंडीजवळ आमण्याला उतरतो. ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून मुंबईच्या कामाला मी रेल्वे धरलीच नाही. ११६ पीएस आणि २५० एनएम टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, काय असते, ते चार माणसं, सामान आणि एसी चालू असताना ट्रक ओलांडतानाच कळतं. त्याच गाडीचं साधं पेट्रोल इंजिन १४४ एनएमचं आहे, फरक तुम्हीच बघा. आणि एक, समृद्धीवर चढण्याआधी टायरची हवा घरून निघतानाच, टायर थंड असताना तपासा. उन्हाळ्यात काँक्रीटवर कमी हवेचा टायर फार तापतो.

मांजराकाठ
मी लातूरला असतो, समृद्धीचा काही संबंध येत नाही. बजेट ऑन रोड २० च्या आसपास. रनिंग महिन्याला हजार-बाराशे. आता सांगा.

जुना_ड्रायव्हर
सिएरा हे नाव वाचलं आणि राहवलं नाही. १९९१ ला पहिली सिएरा आली तेव्हा मी सरकारी खात्यात चालक होतो. तीनच दारं, मागे छतापर्यंत वळलेली मोठी काच. मागच्या सीटवर बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागायचं. आमच्या साहेबांनी घेतली होती. मी ती औसा-तुळजापूर रस्त्याने देवीला नेली, तेव्हा गावागावात पोरं मागं पळायची. २५ नोव्हेंबर २०२५ ला नवी आली तेव्हा मी टीव्हीसमोरून उठलो नाही. आता पाच दारं आहेत, लांबी ४३४० मिमी, व्हीलबेस २७३०. मागे बसणाऱ्याला पाय पसरायला जागा आहे. भाऊ, शक्य असेल तर हीच घ्या.

गोदाकाठ
हजार-बाराशे म्हणजे रोज थोडं थोडं, की महिन्यातून दोन लांबच्या फेऱ्या? दोन्हीची बेरीज एकच येते, पण गाडी वेगळी येते.

शेतकरी_पुत्र
२० लाख घालायचेच तर सात सीटर घ्या. आपल्याकडं लग्नकार्य, पंढरपूर, सोयरे-धायरे, पाच सीट कधीच पुरत नाहीत. मी आधी पाच सीटर घेऊन पस्तावलो.

मांजराकाठ
शेतकरी_पुत्र दादा, सात सीटर नको आहे. घरात चार माणसं.
गोदाकाठ, रोज शाळा. जाऊन-येऊन २२ किलोमीटर. महिन्यातून दोनदा केज तालुक्यात गावी. दिवाळी-उन्हाळ्यात बार्शी-टेंभुर्णीमार्गे पुणे. यावरून काय ठरतं?

पाना_स्क्रू
यावरूनच सगळं ठरतं. माझं परभणीला गॅरेज आहे. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ नावाची जाळी असते, ती काजळी अडवते. ही काजळी गाडीला अधूनमधून स्वतःच जाळावी लागते. त्यासाठी इंजिन पूर्ण तापून सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने पळायला पाहिजे. अकरा किलोमीटरवर शाळा, त्यात अर्धा रस्ता गावातला. इंजिन तापेपर्यंत तुम्ही पोचता आणि चावी फिरवता. काजळी जळायला लागलेली मध्येच तुटते, डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढते. मग दिवा लागतो. माझ्याकडं अशा गाड्या येतात आणि मालक म्हणतो, कंपनीने फसवलं. गाडीत खोट नसते, गाडीचा उपयोग चुकलेला असतो.

समृद्धीवाला
हे जरा वाढवून सांगितलं जातं. माझी ९० हजार किलोमीटर झाली, एकदाही दिवा लागला नाही.

पाना_स्क्रू
तुमची लागणारच नाही, दादा. तुम्ही जालना-मुंबई करता, तुमची जाळी प्रत्येक फेरीत साफ होते. ते रोज २२ किलोमीटर करतात. तुमचं खरं आहे, फक्त ते त्यांना लागू होत नाही.

समृद्धीवाला
मग आठवड्यातून एकदा औशाच्या रस्त्याने तासभर फिरवून आणायची. त्यात काय अवघड आहे?

पाना_स्क्रू
करणाऱ्याला अवघड नाही. पण रविवारी लेकरांचा अभ्यास, बाजार, पाहुणे सोडून गाडीची जाळी साफ करायला कोण निघतं? पहिले दोन महिने निघतात, मग विसरतात.

लातूरची_लेक
मी इतका वेळ वाचत होते. शाळा म्हणजे तुम्ही शिक्षक आहात, की घरातल्या दुसऱ्या कुणाची शाळा? गाडी रोज चालवणार कोण?

मांजराकाठ
बायको. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आतापर्यंत स्कूटीवर जायची, मागच्या पावसाळ्यात दोनदा घसरली म्हणून तर गाडी घ्यायलोय. मी ऑफिसला बाइकवरच जातो.

लातूरची_लेक
दादा, राग मानू नका, पण हे पहिल्या ओळीत यायला पाहिजे होतं. तीन आठवडे तुम्ही व्हिडिओ बघितले, वहिनींना एकदा तरी सीटवर बसवलं का? माझी उंची पाच फूट. मी रोज गंजगोलाईच्या बाजारपेठेतून गाडी नेते. मला टॉर्क-बिर्क नंतर, आधी बॉनेटचा कोपरा दिसला पाहिजे. सीट वर केल्यावर पाय ब्रेकपर्यंत नीट पोचला पाहिजे. रुंदी बघा: क्रेटा १७९० मिमी, ग्रँड विटारा १७९५, सिएरा १८४१. पाच सेंटीमीटर कागदावर काहीच नाही, पण समोरून टेम्पो आणि बाजूला हातगाडी असते तेव्हा तेवढ्यातच आरसा वाचतो. आणि सीट खालीवर होणं, ३६० अंशांचा कॅमेरा हे कोणत्या मॉडेलपासून मिळतं ते नीट विचारा. सनरूफसाठी मॉडेल वर नेऊ नका. एप्रिलात बेचाळीस अंशांत छत उघडून कोण बसतंय? सीटमधून गार हवा येते ती सोय मात्र आपल्याकडं खरी कामाची.

काळी_माती
ग्राउंड क्लिअरन्सचं, म्हणजे गाडीच्या पोटाखाली किती मिमी मोकळं राहतं त्याचं, कुणीच बोललं नाही. आपल्याकडं तेच महत्त्वाचं. सिएराचं २०५, क्रेटाचं १९०, होंडाच्या एलिव्हेटचं तर २२०.

पाना_स्क्रू
गावच्या खडीच्या रस्त्याला १९० पुरतं. आणि पाणंद रस्त्यावर पाऊस झाल्यावर २२० पण पुरत नाही. काळी माती टायरच्या खोबणीत बसते, मग चाकाच्या कमानीत भरते आणि चाक नुसतं जागेवर फिरतं. तिथं उंची उपयोगाची नाही. गाडी डांबरीवर सोडून चालत जायचं, हाच उपाय. उलट वरच्या मॉडेलची मोठी चाकं बघा. सिएराच्या सगळ्यात वरच्या मॉडेलला १९ इंची आहेत. खड्ड्यात रिम वाचवायची तर टायरची कड जाड असलेली बरी, आणि बदलायची वेळ आली तर तालुक्याला मिळणारा साइज बरा.

हिशेबी
आकडे मांडतो. महिन्याला १२०० किलोमीटर धरा. पेट्रोलला लिटरमागं १३ पडले तर ९२ लिटर लागेल, डिझेलला १८ पडले तर ६७, आणि हायब्रिडने गावात २२ दिले तर ५५. कंपनीचा हायब्रिडचा आकडा २७.९७ आहे, तो मी धरत नाही. आता कर. आपल्या राज्यात १० ते २० लाखांच्या गाडीला पेट्रोलवर १२ टक्के, डिझेलवर १४. सतरा लाखांच्या गाडीवर हा फरक ३४ हजारांचा, शिवाय डिझेल मॉडेल मुळातच महाग. १० लाखांवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घेतलेला आयकर, कापतात, तो विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, विसरू नका. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून या गाड्यांना सरसकट ४० टक्के जीएसटी आहे, सेस गेला. शोरूमवाला जुना दरफलक दाखवून 'डिस्काउंट' म्हणत असेल तर सावध राहा.

ऊसवाला
पेट्रोल घेणार असाल तर इथेनॉलचा विचार केला का? वीस टक्के इथेनॉलने मायलेज पडतं म्हणून सगळे ओरडायलेत.

हिशेबी
पडतं हे खरं आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते, त्यामुळे थोडा फरक येणारच. पण एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप-सील त्यासाठी बनवलेले आहेत. नवी गाडी घेणाऱ्याला घाबरायचं कारण नाही.

ऊसवाला
आणि ते इथेनॉल आमच्या उसाचं आहे. कारखान्याने डिस्टिलरी टाकली म्हणून आमची बिलं वेळेत निघायला लागली. शहरातल्या लोकांना लिटरमागं अर्धा किलोमीटर कमी पडला की गोंधळ.

बालाघाट
आणि त्या उसाला पाणी किती लागतं? २०१६ ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. आपल्याच जिल्ह्याचा विषय आहे हा.

गोदाकाठ
दोघांनाही विनंती, उसाचा वेगळा धागा काढा, मी तिथं येतो. पाण्यावरून आठवलं म्हणून सांगतो, लातूरला बोअरचंच पाणी असेल तर काळी किंवा गडद निळी गाडी घेऊ नका. क्षाराचे पांढरे डाग रंगावर बसतात ते पॉलिशनेही पुरते निघत नाहीत.
मांजराकाठ, चार माणसं म्हणालात. चौथं कोण?

मांजराकाठ
आई. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय मागच्या वर्षी. वॉकर घेऊन चालते. गावी तिलाच न्यायचं असतं, दवाखान्यालाही.

गोदाकाठ
मग ऐका, हे मी वडिलांचं करून शिकलोय. ऑपरेशन झालेल्या माणसाला खूप खालची सीट जमत नाही आणि खूप वरचीही जमत नाही. आधी गाडीकडं पाठ करून बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकदम आत फिरवायचे. त्यासाठी सीटची कड कमरेच्या जरा खाली पाहिजे. घरी ज्या खुर्चीवर आई आधाराशिवाय बसते-उठते तिची उंची टेपने मोजा. शोरूममध्ये जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत मोजा. जी जवळ येईल ती तिची गाडी. दार किती उघडतं आणि वर पकडायला हँडल आहे का तेही बघा. बाहेरून फूटबोर्ड लावतो म्हणतात, पण त्याने पायरी एक ऐवजी दोन होतात आणि आजारी माणूस पायरीलाच भितं.
दुसरं, वॉकर. हायब्रिडची बॅटरी मागे असते. ग्रँड विटाराच्या हायब्रिडची डिकी २६५ लिटरची राहते, क्रेटाची ४३३, सिएराची ६२२. वॉकर सोबत न्या आणि प्रत्यक्ष ठेवून बघा.

वीजवाला
रोजचे २२ किलोमीटर म्हणजे ईव्हीच घ्या. क्रेटाचीही इलेक्ट्रिक आहे. घरी रात्री लावायची, सकाळी तयार.

मांजराकाठ
भाड्याच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, पार्किंगला वीज नाही. आणि बजेटही ओलांडतं.

मांजराकाठ
शनिवारचं सांगतो. आई, बायको आणि वॉकर, तिघांना घेऊन सकाळपासून तिन्ही शोरूमला गेलो. टेप नेला होता. घरची खुर्ची साडेएकोणीस इंच भरली. बायकोने प्रत्येक गाडीत सीट वर-खाली करून बघितली, मी मागे गप्प बसलो.
डिझेल काढून टाकलं. पाना_स्क्रू दादांनी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "रविवारी गाडी फिरवून आणायला मला वेळ नाही." हायब्रिड तिला चालवायला आवडली, आवाज नाही म्हणून. पण वॉकर ठेवल्यावर बॅगांना जागा उरत नाही, आणि गावाहून येताना धान्याचं पोतं असतंच. आईला सिएराच्या मागच्या सीटवर सगळ्यात मोकळं वाटलं. बायकोचं मन क्रेटावर आहे, रुंदीमुळे.
म्हणजे आता पेट्रोल ऑटोमॅटिक. क्रेटाला सीव्हीटी (ठराविक गिअर नसलेला ऑटोमॅटिक), सिएराला सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक). यात काय बघायचं?

समृद्धीवाला
पेट्रोल घेतलंत, हरकत नाही. घाटात टॉर्क कमी वाटेल, मांजरसुंब्याला एकदा भरल्या गाडीने चढून बघा.

पाना_स्क्रू
सावकाश चालवणाऱ्याला सीव्हीटी मऊ असते, झटका नाही. जोरात दाबलं की इंजिन ओरडतं आणि वेग मागून येतो, ते तुमच्या कामात फारसं येणार नाही. ड्युअल क्लच मोकळ्या रस्त्यावर छान. पण तुंबलेल्या गर्दीत इंच-इंच सरकताना क्लच तापतो, म्हणून रांगेत उगाच पुढं-पुढं सरकवायची सवय नको. दोन्ही गाड्या दुपारी दोनला मागा. एसी पूर्ण, चार माणसं, बाजारातून. सकाळच्या गार हवेत मोकळ्या बायपासवर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात.

हिशेबी
आणि पासिंगला पाठवण्याआधी चासी नंबरवरून कोणत्या महिन्याची बनावट आहे ते तपासा. नंबर पडल्यावर काही बदलता येत नाही.

शेतकरी_पुत्र
आईला, वॉकरला आणि पोत्याला जागा पाहिजे म्हणता, म्हणून म्हणतो, सात सीटरची मागची रांग पाडली की तिन्ही बसतं. एकदा बघाच.

मांजराकाठ
टोकन दिलं नाही. पाडवा चुकला तर अक्षय्य तृतीया आहे. दोन्ही शोरूमवाल्यांना सांगितलं, बायपासची ट्रायल नको. बुधवारी शाळा सुटल्यावर तिथं गाडी घेऊन या, ती स्वतः लातूरपर्यंत चालवत आणेल. एकजण हो म्हणाला, दुसरा मॅनेजरला विचारून सांगतो म्हणाला. आईपण यायची म्हणतेय. बुधवारी रात्री इथंच लिहितो.