मदत हवी आहे: १ ते ५ रेटिंगसाठी ट्री मॉडेल, पण प्रवासी स्टेशननिहाय गटांत

नमस्कार मंडळी. एमएस्सी प्रोजेक्टसाठी नागपूर मेट्रोच्या प्रवाशांचा सर्व्हे केलाय. सुमारे ६०० फॉर्म, सीताबर्डी इंटरचेंज धरून ९ स्टेशनं. उत्तर ‘एकूण समाधान’, १ ते ५. बहुतेकांनी ४ किंवा ५ दिलेत. १ आणि २ तुरळक.

आर या सांख्यिकी भाषेत आधी आरपार्ट (फाटे पाडत निर्णयवृक्ष, म्हणजे ‘झाड’, बनवणारं पॅकेज) चालवलं. त्यात ‘क्लास’ (रेटिंग म्हणजे नुसते वेगळे वर्ग) हा प्रकार घेतला की क्रम हरवतो, १ ऐवजी ५ सांगणं आणि ४ ऐवजी ५ सांगणं एकाच मापाची चूक ठरते. ‘अनोव्हा’ (रेटिंग म्हणजे साधा आकडा) घेतला तर ३ ते ४ आणि ४ ते ५ ही अंतरं सारखी धरली जातात, ते मला पटत नाही. आरपार्टस्कोअर या क्रम असलेल्या उत्तरांसाठीच्या पॅकेजचं झाड बरं आलं. मग पार्टीकिट पॅकेजमधल्या सीट्रीला (सांख्यिकी चाचणी करून फाटा निवडणारं फंक्शन) रेटिंग ऑर्डर्ड फॅक्टर (क्रम असलेले वर्ग) म्हणून दिलं. पहिला फाटा गाडीची वाट पाहण्याच्या वेळेवर पडला, तो समजण्यासारखा आहे.

अडचण पुढे आहे. एका स्टेशनवरचे प्रवासी एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत, म्हणून सीट्रीच्या पी-व्हॅल्यूवर (संबंध नसतानाही असा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) विश्वास बसत नाही. सीट्रीला ‘क्लस्टर’ (गट) म्हणून स्टेशन दिलं तर चाचणीसाठी उत्तरांची जी यादृच्छिक अदलाबदल धरली जाते ती स्टेशनच्या आतच होते, आणि फीडर बस आहे की नाही, पार्किंग आहे की नाही ही स्टेशन पातळीवरची चलं स्टेशनच्या आत बदलतच नसल्यामुळे चाचणीतूनच बाद होतात. मला तर तीच हवी आहेत.

रँडम फॉरेस्ट (शेकडो झाडांचा एकत्रित अंदाज) सुचवू नका, कृपया. गाईडना एकच, कागदावर छापता येईल असं झाड हवंय. पायथन चालेल.

क्रम राखून, स्टेशनचा परिणाम धरून, तरीही स्टेशन पातळीची चलं फाट्यांसाठी खुली ठेवायची तर कोणती पद्धत वापरावी? आणि ९ स्टेशनं त्यासाठी पुरतील का?