टाकी भरूनही पेट्रोलचा काटा अर्ध्यावरच थांबतो : मदत हवी आहे

नमस्कार. मी गुहागरला राहतो आणि कामासाठी रोज चिपळूणपर्यंत मोटारसायकलने ये-जा करतो. गेल्या पावसाळ्यापासून टाकी काठोकाठ भरली तरी पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या वर जात नाही आणि खराब रस्त्यावर तर एकदम शून्यावर येतो.

टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) वरखाली होताना सेन्सरचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावर काटा चालतो, म्हणून मी सेन्सर बाहेर काढून मल्टिमीटर लावला. फ्लोट हळूहळू उचलला असता रोध कुठेही न तुटता सलग बदलला. मात्र टाकीखालच्या कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज होता. पिना घासून पुसल्यावर दोन दिवस काटा नीट चालला, मग पुन्हा तेच. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत अर्थिंगचे (बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणाऱ्या जोडणीचे) टोकही असेच खराब झाले असावे, असे मला वाटते.

गॅरेजमध्ये संपूर्ण मीटर बदलायला सांगितले आहे, पण मला ती घाई वाटते.

सेन्सरपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतचे अर्थिंग, जोडणी चालू ठेवून, कसे तपासावे? गंज पुन्हा चढू नये म्हणून पिनांना पेट्रोलियम जेली लावावी की डायइलेक्ट्रिक ग्रीस? गाडीला रिझर्व्हचा कॉक (राखीव पेट्रोलची तोटी) नाही, त्यामुळे रात्री परतताना फार काळजी वाटते. किनाऱ्यावर गाडी चालवणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगावा.