इंग्लंडमध्ये वर्तनसमस्या असलेल्या मुलांचा वर्ग: ठाण्यातून निघण्याआधी काय शिकून घ्यावं?

कासारवडवली_ते_केंट

नमस्कार. स्पेशल बीएड झालंय, आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी चालू आहे, सध्या घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत रिसोर्स रूम (विशेष गरजांच्या मुलांना शिकवायची खोली) सांभाळते. जानेवारीपासून केंटमध्ये असू. तिथल्या एका एसईएमएच शाळेत वर्ग मिळतोय: सात मुलं, वय ११ ते १३, सोबत दोन टीए (वर्गातले सहायक). ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी, एसईएमएच म्हणजे सामाजिक, भावनिक आणि मानसिक आरोग्याच्या अडचणी. खुर्ची भिरकावणं, वर्गातून पळणं, शिव्या हे रोजचं असणार असं मुलाखतीतच सांगितलं.

इथे मूल उठलं की दंडाला धरून बसवतो, आवाज चढवतो, फार झालं तर आईला बोलावून घेतो. तिकडे यातलं काय चालत नाही आणि त्याच्या जागी नेमकं काय करायचं? प्रत्येक मुलाचा ईएचसी प्लॅन (शिक्षण, आरोग्य आणि काळजीचा आराखडा) असतो, तो जाडजूड असतो म्हणे. त्यात काय बघायचं? आणि हातात दोन महिने आहेत, इथे बसून कसला सराव करता येईल? "प्रेमाने वागा, संयम ठेवा" सोडून सांगा, प्लीज.

मासुंदा

आधी कागदांचं सांगतो, कारण पहिल्या दिवशी तेच हातात पडतील.

ईएचसी प्लॅन इंग्लंडपुरता आहे, स्कॉटलंड आणि वेल्सची व्यवस्था वेगळी. तो २०१४ च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्टखाली निघतो आणि त्यात ए ते के असे विभाग असतात. तुमच्या कामाचे चार. 'ए'मध्ये मुलाचं आणि घरच्यांचं म्हणणं, 'बी'मध्ये गरजा, 'ई'मध्ये काय साध्य व्हायला हवं ते, 'एफ'मध्ये शिक्षणासाठी द्यायची मदत. बी आणि एफ शेजारी ठेवून वाचा. बीमधल्या प्रत्येक गरजेसमोर एफमध्ये काहीतरी असायला हवं. नसेल तिथे खूण करून ठेवा.

एफमध्ये जे लिहिलंय ते मिळेल हे पाहणं स्थानिक प्रशासनाची कायदेशीर जबाबदारी आहे. म्हणजे 'आठवड्याला ३० मिनिटं स्पीच थेरपी' असं लिहिलेलं असेल आणि महिनाभर कोणी फिरकलं नसेल, तर सेन्कोला (शाळेतल्या विशेष गरजांच्या कामाच्या समन्वयकाला) ईमेल करायचा. जिन्यात गाठून तोंडी सांगितलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. 'गरजेनुसार मदत मिळेल' अशी मोघम वाक्यं असतील तर ती वार्षिक आढाव्यात बदलून नेमकी करून घ्यायची. आढावा १२ महिन्यांच्या आत व्हावाच लागतो.

स्पीच थेरपीचं नाव उगाच नाही घेतलं. या मुलांपैकी बऱ्याच जणांना भाषा समजण्यातच अडचण असते आणि ती वर्षानुवर्षं 'उद्धटपणा' या नावाखाली दबून राहते. तीन सूचना एका दमात दिल्या तर त्याला पहिलीच काय ती कळते, मग तो 'ऐकत नाही'. २०१४ च्या तिकडच्या मार्गदर्शिकेने या गटाच्या नावातून 'वर्तन' हा शब्दच काढून टाकला, त्यामागे हेच आहे: दिसतं ते वर्तन, पण मदत द्यायची ती त्याच्याखाली जे आहे त्याला.

प्लॅन वाचून झाला की दर मुलामागे एक पान करा: ठिणगी कशाने पडते, पारा चढू लागल्याची पहिली खूण कोणती (हुडी डोक्यावर ओढणं, पाय आपटणं, एकदम गप्प होणं), काय केल्याने उतरतं, काय अजिबात करायचं नाही, शाळेत कोणाचं ऐकतो. हे पान टीएंकडून तपासून घ्या. त्यांना मुलं तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतात. भिंतीवर लावू नका आणि ठाण्यातल्या मैत्रिणीला सल्ल्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच पाठवू नका. नाव खोडलं तरी नाही.

नेरूळ_पूर्व

हात लावण्याबद्दल. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांत शारीरिक शिक्षेवर १९८७ पासून बंदी आहे. पण 'कधीच हात लावू नका' असंही कायदा म्हणत नाही. २००६ च्या एज्युकेशन अँड इन्स्पेक्शन्स अ‍ॅक्टचं कलम ९३ शाळेतल्या कर्मचाऱ्यांना वाजवी बळ वापरू देतं: कोणाला इजा होत असेल, मालमत्तेची नासधूस होत असेल, गुन्हा घडत असेल, वर्गाची शिस्त पार कोलमडत असेल तर. शिक्षा म्हणून कधीच नाही. व्यवहारात नियम असा ठेवा की शाळेने पकडीचं प्रशिक्षण देईपर्यंत तुम्ही कोणाला धरायचं नाही. प्रशिक्षित माणसाला बोलवायचं आणि बाकीची मुलं बाहेर काढायची. अंगात ताकद आहे म्हणून धरायला जाणं धोक्याचं आहे. विशेषतः पालथं पाडून दाबून धरलं की छाती आकसून श्वास कोंडतो आणि जीव जाऊ शकतो. धरलंच तर त्याच दिवशी लेखी नोंद आणि घरी कळवणं.

दंडाला धरून बसवण्याची सवय मात्र आजच सोडा. मार खाल्लेल्या मुलाच्या दृष्टीने मागून आलेला हात हा हल्लाच असतो, आणि तुम्हाला जो गुद्दा बसेल तो त्याने 'शिक्षकावर हात उचलला' म्हणून नोंदला जाईल.

पारा चढताना काय करायचं:

दीड-दोन हात लांब, किंचित तिरकं उभं राहा. समोरासमोर नको. हात उघडे, कमरेवर नाहीत. दार अडवू नका. वाट बंद झाली की मूल तुमच्यातून वाट काढतं.

आवाज त्याच्यापेक्षा एक पट्टी खाली. वाक्य पाच-सहा शब्दांचं. बोललात की मनात दहापर्यंत मोजा. इथेच सगळे घसरतात: मूल गप्प राहिलं की आपण तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणतो, आणि त्याला ते नवं वाक्य वाटतं, परत पहिल्यापासून समजून घ्यावं लागतं.

काय करू नको ते न सांगता काय कर ते सांगा. 'धावू नकोस'ऐवजी 'चालत ये'. आणि दोन पर्याय द्या, दोन्ही तुम्हाला चालण्यासारखे: 'इथे बसतोस की खिडकीपाशी?' यात 'नाहीतर' आला की ती धमकी झाली.

प्रेक्षक हटवा. चिडलेल्या एकाला बाहेर काढण्यापेक्षा बाकीच्या सहांना टीएबरोबर लायब्ररीत पाठवणं सोपं पडतं. त्यासाठी एक ठरलेलं वाक्य आणि ठरलेली जागा आधीपासून हवी.

'असं का केलंस?' हा प्रश्न त्या क्षणी विचारूच नका, त्याचं उत्तर त्यालाही माहीत नसतं. 'माझ्या डोळ्यात बघून बोल' हेही नको. आपली मान डोलवायची सवय आवरा. ती हो आहे की नाही हे तिकडच्या मुलाला कळत नाही आणि नेमकं तेव्हाच त्याला स्पष्ट उत्तर हवं असतं.

शांत झाल्यासारखं दिसलं तरी निदान तासभर नवी मागणी नको. पाणी द्या, सोपं काम द्या. अंगातला ताण उतरलेला नसतो. 'आता सॉरी म्हण' एवढ्यावरून दुसरा भडका उडतो आणि तो पहिल्यापेक्षा मोठा असतो.

चेंदणी

वाचायला छान आहे. पण हे म्हणजे खुर्ची फेकली तर पाणी आणि सोपं काम! बाकीची सहा मुलं काय शिकणार यातून? आपल्याकडे पन्नास मुलांत असले लाड परवडत नाहीत म्हणून निदान थोडी जरब तरी राहते.

नेरूळ_पूर्व

परिणाम असतोच, फक्त तो भडक्याच्या मध्यावर सुनावत नाहीत. मोडलेली खुर्ची दुसऱ्या दिवशी केअरटेकरसोबत दुरुस्त करणं, बुडलेलं काम मधल्या सुट्टीत पूर्ण करणं, हे परिणामच आहेत. अगदी गंभीर असेल तर मुख्याध्यापक निलंबित करू शकतात, पण एका शैक्षणिक वर्षात एकूण ४५ शालेय दिवसांच्या वर नाही. तो अधिकार वर्गशिक्षकाचा नाही, म्हणून 'तुला काढून टाकीन' असं म्हणूही नये.

आणि जरबेचं म्हणाल तर आपल्याकडेही २००९ च्या आरटीई कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. पन्नासांच्या वर्गासाठी त्यात सूट नाही.

पामबीच

दोन महिन्यांत करायचा सराव एकच सुचवते: नोंद. तुमच्या रिसोर्स रूममधलं एक मूल घ्या, एकच वर्तन घ्या, शाळेचे दहा दिवस. मुख्याध्यापकांना आधी सांगून.

वर्तन मोजता येईल असं लिहा. 'दंगा करतो' मोजता येत नाही, 'वही फाडतो किंवा पेन्सिल फेकतो' मोजता येतं. मग तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. सोबत वेळ आणि विषय. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच लोक चुकवतात, तिथे 'समज दिली' एवढंच लिहून मोकळे होतात. नंतर मुलाला काय *मिळालं* किंवा कशातून *सुटका झाली* ते लिहायचं. पंधरा-वीस नोंदी होईपर्यंत निष्कर्ष काढू नका.

समजा नोंदी अशा आल्या: १०.४० चा गणिताचा तास, बारा गणितांचा कागद, फाडला, दहा मिनिटं बाहेर उभं केलं. असं पाचपैकी चार वेळा. तुमच्या लेखी ती शिक्षा. त्याच्या लेखी बारा गणितं माफ. म्हणजे कागद फाडण्याचा पगार आपणच देतोय. हे 'सुटका' प्रकारचं वर्तन, इथे दुर्लक्ष करून काहीही होत नाही, कारण दुर्लक्ष म्हणजे सुद्धा सुटकाच.

इलाज: बाराची चार गणितं करा, पहिलं सोडवून दाखवलेलं. टेबलावर विश्रांतीची तीन कार्डं. कार्ड दिलं की दोन मिनिटं, वाळूचं घड्याळ लावून, वर्गातल्याच ठरलेल्या खुर्चीवर. कार्ड दिल्याबरोबर मानायचं, तुम्ही वाक्याच्या मध्यावर असलात तरी. एकदा जरी 'हे संपव, मग जा' म्हटलंत तर त्याला कळतं की कार्ड चालत नाही, फाडणं चालतं. कार्डाने मागणं अंगवळणी पडलं की मग एक गणित झाल्यावर कार्ड, मग दोन झाल्यावर. दोन चुका नेहमी होतात. एक, शिक्षा म्हणून कार्ड काढून घेणं. दुसरी, विश्रांती खेळण्यांच्या कोपऱ्यात देणं, मग गणित सोपं असलं तरी तो कोपऱ्यासाठीच उठणार.

नोंदीत जर 'लक्ष मिळालं' असं दिसत असेल (हसले, ओरडले, सगळे वळून बघू लागले) तर उपाय उलटा. किरकोळ गोष्टींकडे दुर्लक्ष, आणि काम करताना दिसला की लगेच, नेमक्या शब्दांत दाद. यात सुरुवातीला वर्तन *वाढतं*, आणि लोक तिसऱ्या दिवशी 'हे चालत नाही' म्हणून सोडतात. तिथे सोडलंत तर आधीपेक्षा वाईट. वर्गातल्या तिघा मोठ्यांपैकी एकजण जरी अधूनमधून हसला तरी मटक्यासारखं होतं: क्वचित लागतो म्हणूनच माणूस आकडा लावत राहतो.

काही मुलांना चारचौघात केलेलं कौतुक सहन होत नाही, ती तिथल्या तिथे चित्र फाडतात. त्यांच्यासाठी वहीवर गुपचूप चिकटवलेली चिठ्ठी.

कासारवडवली_ते_केंट

खूप आभार सगळ्यांचे. दहा दिवसांची नोंद सोमवारपासूनच सुरू करते. एक राहिलं. शिव्यांकडे दुर्लक्ष करायचं हे समजलं, पण माझ्या उच्चारांवरून किंवा रंगावरून बोलला तर? तेही दुर्लक्षच?

पामबीच

नाही. हवेत घातलेली शिवी आणि माणसाला उद्देशून घातलेली शिवी वेगळ्या. पहिलीकडे दुर्लक्ष चालतं. वंशावरून बोलणं कधीच दुर्लक्षात टाकायचं नाही, वर्गात त्याच रंगाचं दुसरं मूलही ऐकत असतं.

त्या क्षणी एकच वाक्य, सपाट आवाजात: 'ते शब्द इथे चालत नाहीत. आपण नंतर बोलू.' बस. भाषण दिलंत तर कुठे टोचतं ते त्याला कळलं. त्याच दिवशी शाळेच्या प्रणालीत वंशद्वेषी घटना म्हणून वेगळी नोंद करा, शब्द जसेच्या तसे लिहून. 'अपशब्द वापरले' असं सौम्य करू नका. वरिष्ठांना सांगा. दुसऱ्या दिवशी मूल शांत असताना तिसऱ्या माणसासमोर तीन प्रश्न: काय झालं, कोणाला काय वाटलं असेल, आता नीट कसं करायचं. हे फुकटचं सोसणं म्हणजे संयम अशी समजूत आपल्या बायकांत फार आहे, म्हणून मुद्दाम सांगतेय.

उच्चारांबद्दल: रोजच्या दहा-बारा सूचना चित्रकार्डांवर करून घ्या. तुमचं इंग्रजी कळलं नाही तरी कार्ड कळतं, आणि कार्डाला उलट उत्तर देता येत नाही.

मासुंदा

कागदपत्रांची भर, थोडक्यात. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून काढा. पडताळणी पत्त्याप्रमाणे ठाणे किंवा नवी मुंबई आयुक्तालयाकडे जाते, मधल्या काळात पत्ता बदलला असेल तर वेळ हातात ठेवा. मुंबई विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) कलिन्याहून निघायच्या आधीच घ्या, तिकडून मागवणं कटकटीचं. आरसीआयची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करावी लागते आणि त्यासाठी सीआरई (पुनर्वसन क्षेत्रातल्या चालू प्रशिक्षणाचे) गुण लागतात, तर जमतील तेवढे खारघरच्या संस्थेत वगैरे आताच जमवा.

नेरूळ_पूर्व

दोन गोष्टी राहिल्या. जानेवारी म्हणजे पाऊस, आणि पाऊस म्हणजे मधली सुट्टी वर्गात. जुलैत मैदानाचा तास वर्गात घ्यावा लागतो तेव्हा काय होतं ते आठवा. त्या दिवसांसाठी वेगळं वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात ठरवा: तीन कोपरे, प्रत्येकात एक मोठा माणूस, दर दहा मिनिटांनी बदल. शेवटची पाच मिनिटं काहीतरी शांत, नाहीतर पुढचा तास गेलाच.

दुसरं, टीएंशी ठरवायची वाक्यं. तिकडे अनेक शाळांत 'हेल्प इज अव्हेलेबल' म्हणजे मदत हवी असेल तर सांग, याला नाही म्हणता येतं. 'मोअर हेल्प इज अव्हेलेबल' म्हणजे तुम्ही आता बाजूला व्हा, मी बघते. याला नाही म्हणायचं नसतं आणि कारणही विचारायचं नसतं. तुमच्या शाळेत कोणती वाक्यं आहेत ते पहिल्या दिवशीच विचारा. टीए वयाने लहान असेल, पदाने खाली असेल, तरी ते वाक्य ऐकलं की एक पाऊल मागे घ्यायचं. आपल्याकडे वर्ग दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे हार, म्हणून बाई तिथेच उभ्या राहून आणखी एक वाक्य बोलतात. भडका बहुतेक वेळा त्या वाक्यावर उडतो.