बत्तीसचं पिस्तूल बावीसमध्ये करून मिळते का भाऊ?

हिंगणारोडचा_नवखा

नमस्कार मंडळी. बाबांचं ३२ बोरचं अशनी (सरकारी शस्त्र कारखान्याचं) पिस्तूल होतं, ते गेल्यावर लायसन्सचे सगळे सोपस्कार करता करता दीड वर्ष गेलं आणि आता ते माझ्या नावावर आलंय. मी रेंजवर जाऊन राहिलो तीन महिने झाले, आवड लागली पण ३२ ची गोळी परवडत नाही हो, आणि लायसन्सवर कोटा पण मोजकाच. २२ ची त्यामानानं किती स्वस्त पडते. तर डोक्यात असं आलं की ह्याच पिस्तुलाची नळी बदलून किंवा आत बारीक नळी बसवून २२ चालवता येईल का, प्रॅक्टिसपुरतं फक्त. एमआयडीसीत माझ्या ओळखीचा एक टर्नर आहे, हात एकदम साफ आहे त्याचा, तो म्हणते ड्रॉइंग दे, करून देतो. यूट्यूबवर तर अमेरिकेतले लोक दोन मिनिटात ४० ची बॅरल काढून ९ एमएमची टाकतात आणि धाडधाड मारतात. मग आपल्याकडे काऊन नाही? कोणी केलंय का, खर्च किती येते?

सदरवाला_दादा

बाप्पा, पहिले त्या टर्नरला फोन कर आणि सांग की विषय संपला. मजाक नाही करून राहिलो. आर्म्स ॲक्टचं कलम ६ वाच, शस्त्र एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलायला वेगळं लायसन्स लागते, ते तुझ्यापाशी नाही न् त्याच्यापाशी तर नाहीच नाही. २०१९ ची दुरुस्ती झाल्यापासून याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. आणि सुटी नळी म्हणजे लोखंडाचा पाइप असं समजू नको, कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्रातच मोजतात. तुझ्या लायसन्सवर नंबर, बोर सगळं लिहिलेलं आहे नं? इलेक्शन लागलं की बऱ्याचदा पिस्तूल ठाण्यात जमा करावं लागते, तिथं हवालदारानं नंबर मिळवून पाहिला आणि नळीत २२ निघाली तर काय सांगशील, प्रॅक्टिसपुरतं?

खरादवाले_काका

कायद्याचं दादांनी सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो. अंबाझरीच्या कारखान्यात लेथवर माझी तीस वर्षं गेली. आमच्याकडे तोफगोळ्यांची खोळं बनायची, पिस्तुलं नाही, तरी सांगतो.

बेटा, बोर म्हणजे नुसतं नळीचं भोक नव्हे. बोर बदलला की गोळीसोबत सगळी गाडीच बदलते. तुझी ३२ ची गोळी सेंटरफायर आहे, म्हणजे तिची टोपी बुडाच्या मधोमध असते न् पिन तिथंच ठोकते. २२ एलआर (लाँग रायफल, म्हणजे नेहमीची २२ ची गोळी) रिमफायर, तिचा मसाला बुडाच्या कडेच्या वळीत भरलेला. तुझी पिन मधात ठोकत राहील न् गोळी उडणारच नाही. म्हणजे नळी, मग स्लाइडचं (वरच्या मागंपुढं सरकणाऱ्या भागाचं) तोंड, मग पिन, मग खोळ ओढायचा आकडा, मग मॅगझिन. उरलं काय, मूठ?

बरं, हे सगळं केलं समज. स्लाइडला मागं कोण ढकलते? ३२ ची गोळी ७१ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), २२ ची चाळीसची. अशनीची स्लाइड आणि स्प्रिंग ३२ च्या धक्क्याच्या हिशोबानं आहे, ती २२ च्या धक्क्यानं पूर्ण मागं जाणार नाही, खोळ मधातच अडकेल. म्हणून परदेशात कंपनीचे २२ चे किट येतात त्यात बहुतेक स्लाइडच हलकी ॲल्युमिनियमची देतात. आणि २२ छोटी म्हणून दाब कमी असंही समजू नको. २२ एलआरचा कमाल दाब २४ हजार पीएसआय (चौरस इंचाला पौंड) धरतात, ३२ एसीपीचा, म्हणजे तुझ्या पिस्तुलाच्या गोळीचा, साडेवीस हजार. टर्नरचा हात कितीही साफ असो, नळी कोणत्या स्टीलची, तिचं हीट ट्रीटमेंट काय, प्रूफ टेस्ट, म्हणजे जास्त दाबाची गोळी मारून नळीची चाचणी, कोण करणार? फाटली तर तुझ्याच तोंडासमोर फाटेल.

इतवारी_एक्सप्रेस

काका बरोबर आहे पण मग ते अमेरिकावाले खोटे का? मी पण पाहिलाय तो व्हिडिओ, फक्त नळी आणि मॅगझिन बदलतात न् चालते.

खरादवाले_काका

खोटे नाहीत. ४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) आणि ९ एमएम ह्या गोळ्या सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी आहेत. दोन्ही सेंटरफायर, दोघींचा कमाल दाब सारखाच, ३५ हजार पीएसआय. बुडाचा फरक मिलिमीटरच्या आतबाहेर, त्यामुळे मोठ्या बुडाच्या पिस्तुलात छोटी कशीबशी निभते. ३५७ सिग म्हणून आणखी एक गोळी आहे, तिची खोळ तर ४० च्याच बुडावर मान आवळून केलेली, तिथं मॅगझिनही तेच चालते, नळी फक्त बदलायची. आणि ती नळी कंपनीनं त्याच मॉडेलसाठी बनवलेली असते, खरादावर कोरलेली नसते. ३२ वरून २२ म्हणजे ट्रकचं इंजिन काढून लुनाचं बसवा न् गिअरबॉक्स तीच ठेवा. आणि ९ एमएम आपल्याकडे प्रतिबंधित बोर, म्हणजे साध्या लायसन्सवर मिळत नाही, ते स्वप्नातही आणू नका कोणी.

दहामीटरवाली

नवखे, तुमचा प्रश्न चुकीचा नाहीये, फक्त पिस्तूल चुकीचं आहे. एकाच मुठीवर २२ आणि ३२ दोन्ही खेळणारी स्पोर्ट पिस्तुलं कंपनीतूनच तशी येतात. वॉल्थर जीएसपी घ्या, मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असते ती, रेंजवर पाहिली असेल. तिला २२ एलआरचा एक सेट आणि ३२ एस अँड डब्ल्यू लाँग वॉडकटरचा एक सेट, नळी बोल्ट मॅगझिन सगळं जोडीनं बदलते आणि मूठ तीच राहते. म्हणजे हाताची सवय मोडत नाही, खरी गंमत ती आहे. २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल २२ मध्ये आणि सेंटरफायर ७.६२ ते ९.६५ एमएममध्ये खेळतात, म्हणून हा उद्योग. वॉडकटरची गोळी सपाट तोंडाची, पूर्ण खोळीच्या आत दबलेली, कागदात पंच मशीननं पाडावं तसं गोल भोक पडते, स्कोअर मोजताना भांडण नाही. पण तोही सेट परवानगीशिवाय, एन्ट्रीशिवाय येत नाही हे लक्षात ठेवा, दादांनी लिहिलंच आहे.

आणि एक गोष्ट, ही ३२ एस अँड डब्ल्यू लाँग आणि तुमच्या अशनीची ३२ एसीपी ह्या वेगळ्या. एकीची खोळ २३ मिलिमीटर, दुसरीची १७. आमच्या ओळखीत एकांनी दुकानात जाऊन नुसतं "३२ ची द्या" म्हटलं आणि रिव्हॉल्व्हरची पेटी घेऊन आले, मॅगझिनमध्ये जाईचना, वर मलाच विचारतात की गोळ्या लांब कशा झाल्या!

खर्च वाचवायचा असेल तर १० मीटर एअर पिस्तूल घ्या. ४.५ एमएम, छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलच्या आत असली तर लायसन्स लागत नाही, छर्ऱ्याचा डबा घेतला की आठवडे चालते, घरच्या गच्चीवर ड्राय, म्हणजे छर्रा न भरता नुसता ट्रिगर दाबायचा सराव, पण करता येते. आपल्या मे महिन्यात ४५ डिग्रीला दुपारी गच्चीवर जाऊ नका एवढंच. तिचा ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागते, सेंटरफायरला हजारचा, त्यामुळे सुरुवातीला बोट उतावळं होते, पण नेम आणि श्वास तिथंच बसते. मी चार वर्षं फक्त तेच मारलं, मग २२ ला हात लावला.

हिंगणारोडचा_नवखा

बरं झालं विचारलं. टर्नरला फोन केला, तो म्हणे मला वाटलं छर्ऱ्याची बंदूक आहे, नाहीतर मी हो म्हटलंच नसतं. आता काय बोलावं. बाबांचं पिस्तूल जसं आहे तसंच ठेवतो, महिन्यातून एकदा १० गोळ्या मारीन त्यांच्या आठवणीसाठी. एक सांगा ताई, एअर पिस्तुलात सेकंडहँड घेतली तर चालते का, की सील न् हवेच्या सिलिंडरचा घोळ असते?

दहामीटरवाली

सिलिंडरवर तारीख असते, ती संपली असेल तर सिलिंडर वापरायचा नाही, ते पहिले बघा. रविवारी सकाळी रेंजवर या, माझी जुनी हातात घेऊन पाहा, मूठ तुमच्या हाताला मोठी होते का ते कळेल. आणि येताना तर्री पोहे आणा, मी सकाळी उपाशी असते.

सदरवाला_दादा

माझ्यासाठी पण. तर्री जास्त.