मदत हवी आहे: रिडेव्हलपमेंटच्या जागेत कोरीव दगड निघालाय, पोकलेन येण्याआधी काय करता येईल? (ठाणे)

नमस्कार मंडळी,

ठाण्याच्या जुन्या भागात, एका तळ्याच्या कडेला आमची सोसायटी आहे. करारनामा रजिस्टर झालाय, बहुतेक बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत गेलीत. सॉइल टेस्टिंगसाठी बिल्डरने मागच्या अंगाला खड्डे घेतले. त्यातल्या एकात पुरुषभर खोलीवर घडीव दगडांचा थर लागला आणि त्याला टेकून एक उभट कोरीव दगड.

माथ्यावर चंद्र-सूर्य स्पष्ट आहेत. खाली नागरी लिपीच्या वळणाच्या ओळी, बऱ्याच झिजलेल्या. त्याखालचा भाग जेसीबीने तुटला, त्यामुळे गधेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेला दानाचा दगड) की वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारक-दगड) हे सांगता येत नाही. चंद्राला लागून बकेटच्या दाताचा पांढरा ओरखडा उठलाय. दगड सध्या मीटर रूमच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. तिथे कुणीतरी लगेच शेंदूर फासला. अक्षरांत शेंदूर बसला तर पुढे वाचनासाठी कागदावर ठसा काय डोंबल निघणार, म्हणून मी गोणपाट टाकलं, तर "देवाला गोणपाट घालतात का?" म्हणून एक काकू अजून माझ्याशी बोलत नाहीत.

कमिटीत दोन तट आहेत. चेअरमन म्हणतात, दगड देवळात नेऊन ठेवा आणि विषय संपवा, नाहीतर काम अडकेल आणि भाडं कोण देणार? त्यांची भीती अगदीच खोटी नाही. पण मला दगडापेक्षा खालच्या थराची जास्त काळजी आहे. दगड उचलून कुठेही ठेवता येतो. तो कशाला टेकून होता, कुठल्या मातीत होता, हे बेसमेंट खणलं की कायमचं गेलं. शिवाय ही काही कुठलीही जागा नाही. जुन्या लेखांतलं श्रीस्थानक म्हणजे हेच ठाणं, उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांचं. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असतानाच शिलाहार राजा अरिकेसरीचे शके ९३९ चे ताम्रपट सापडले होते. तेही बांधकामवाल्यांनाच!

मी वाचलं त्यावरून: १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरच्या किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. बांधकामाला १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित, हा नियम राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती लागतो. आमच्या आसपास तसं स्मारक नाही. म्हणजे केवळ दगड निघाला म्हणून त्या नियमाखाली काम थांबत नाही. दुसरीकडे, सोसायटीने पैसे काढून एखाद्या पुरातत्त्वज्ञाकडून उत्खनन करून घ्यावं म्हटलं, तर तेही आपल्या मर्जीने होत नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात असंरक्षित जागेवरच्या पुरातत्त्वीय उत्खननालाही केंद्राची पूर्वसंमती सांगितली आहे. इंग्लंडात १९९० पासून जमिनीखालच्या पुरातत्त्वीय अवशेषांचं काय करायचं हे नियोजन परवानगीच्या टप्प्यावरच बघितलं जातं आणि खर्च सहसा विकासक करतो. आपल्याकडे खासगी प्लॉटला असं काही सरसकट बंधन माझ्या तरी वाचनात आलं नाही.

तर जाणकारांना विचारायचंय ते हे. जिल्हाधिकारी कार्यालयात पत्र दिल्यावर प्रत्यक्षात कोण येतं? तहसीलदार पंचनामा करून दगड घेऊन जातात, की राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचं माणूस जागा बघतं? संचालनालयाला त्याच पत्राची प्रत दिली तर चालेल की वेगळा अर्ज करायचा?

आणि खरा प्रश्न: बिल्डरचं पोकलेन पाया खणत असताना एखादा पुरातत्त्वज्ञ शेजारी उभा राहून थर बघतो, मोजमापं-फोटो घेतो, काही दिसलं तर तासभर थांबायला सांगतो, हे 'उत्खनन' धरलं जातं का? मला तर ही नुसती नोंद वाटते, पण कायद्याने काय? बिल्डरचा साइट इंजिनिअर समजूतदार आहे. मागचा कोपरा शेवटी घेऊ, तिथे वरून पातळ थर काढू म्हणतो, फक्त त्याला लेखी काहीतरी हवंय. असं पत्र कुणी कधी मिळवलंय का, मसुदा कसा होता? डेक्कन कॉलेजमधून किंवा मुंबई विद्यापीठातून कुणी अशा कामाला येतं का?

ठाणे, कल्याण, बेलापूर भागातल्या कुठल्या सोसायटीला असा अनुभव असेल तर तो आधी सांगा, काम किती रखडलं तेही लपवू नका. मला ते कमिटीपुढे मांडायचंय. चॅनेलवाल्यांना बोलवा, हा सल्ला कृपया नको. गर्दी जमली की उरलेला थरही पायाखाली जाईल.

फोटो मुद्दाम टाकलेले नाहीत. लिपी वाचणाऱ्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा, शेंदूर लागण्याआधीचे दोन चांगले आलेत.