डिफेन्सिव्ह टॅकल खेळणाऱ्या मुलाला कुणाची कारकीर्द सांगू?

प्रसाद_ऑस्टिन:
मंडळी, मुलगा यंदा नववीत गेला आणि शाळेच्या फुटबॉल संघात निवडला गेला. फुटबॉल म्हणजे इथला, अमेरिकन. कोचने त्याला डिफेन्सिव्ह टॅकल केलंय. रांगेच्या मधोमध जमिनीला हात टेकून वाकायचं आणि चेंडू हलला की समोरच्या दांडग्या पोराला रेटून आत घुसायचं. इथे टेक्सासमध्ये शाळेच्या सामन्यांनाही तुफान गर्दी असते, पण टाळ्या पडतात त्या चेंडू घेऊन पळणाऱ्याला. परवा हिरमुसून घरी आला, "बाबा, माइकवर माझं नाव एकदाही नाही आलं." मी क्रिकेटवर वाढलेलो, त्याची समजूत कशी काढू कळेना. बचावफळीतल्या एखाद्याची खरीखुरी कारकीर्द सांगा ना. बायकोला दुखापतींची धास्ती आहे आणि अभ्यास मागे पडेल याचीही.

अमेय_नाशिक:
बचावातला सगळ्यात धडाकेबाज म्हणाल तर न्यूयॉर्क जायंट्सचा लॉरेन्स टेलर. 1986 च्या हंगामात 20.5 सॅक, म्हणजे क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच त्याला आडवं करणं, आणि त्या वर्षी अख्ख्या लीगचा, म्हणजे इथल्या व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेचा (एनएफएल), सर्वोत्तम खेळाडू. पण तो लाइनबॅकर, रांगेच्या मागून येणारा. शिवाय 1988 मध्ये अमली पदार्थांवरून लीगने त्याच्यावर बंदी घातली होती, तेव्हा नववीतल्या मुलाला सांगताना जरा विचार करा.

मेधा_मिनिआपोलिस:
प्रसाद, तुमच्या मुलाला ॲलन पेज यांच्याबद्दल सांगा. टेलरच्या पंधरा वर्षं आधी, 1971 मध्ये, लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा मान पहिल्यांदाच बचावातल्या माणसाला मिळाला, तो यांना. आणि ते डिफेन्सिव्ह टॅकलच होते. त्यांच्याआधी कुणी नाही आणि नंतर बचावातला फक्त टेलर.

जन्म 1945, ओहायोतलं कँटन. व्यावसायिक फुटबॉलचं हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचं सन्मान-संग्रहालय, याच गावात आहे, आणि ते बांधलं जात असताना शाळकरी पेज त्या बांधकामावर मजुरी करत होते. 1988 मध्ये तिथेच त्यांचा सन्मान झाला. पुढे नोत्र दाम विद्यापीठ, मग 1967 मध्ये आमच्या मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत घेतलं. कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि पेज अशी ती बचावाच्या रांगेतली चौकडी. 1969 च्या हंगामात 14 सामन्यांत मिळून व्हायकिंग्जवर फक्त 133 गुण झाले. चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, गाठले आणि चारही हरले, याची हळहळ इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून असते.

आता मुलाच्या दुखऱ्या जागेबद्दल. लीगने सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली 1982 मध्ये. पेज निवृत्त झाले 1981 चा हंगाम खेळून. म्हणजे अधिकृत नोंदीत या माणसाच्या नावावर एकही सॅक नाही! पुढे अभ्यासकांनी जुन्या सामन्यांच्या नोंदी आणि फिती तपासून आकडा काढला, तो 148.5. रांगेच्या मधोमध खेळून इतके. कबड्डीत चढाई करणाऱ्याचे गुण सगळ्यांना पाठ असतात, पण कोपऱ्यावर घोटा धरून बसणाऱ्याशिवाय सामना निघत नाही, हे आपण लहानपणापासून पाहिलंय. मुलाला हे नीट समजावा. त्याने गार्डला, म्हणजे क्वार्टरबॅकची राखण करणाऱ्या समोरच्या पोराला, मागे रेटलं म्हणूनच क्वार्टरबॅकची घाई झाली आणि चेंडू भलतीकडे गेला. लोक तो झेलणाऱ्याला टाळ्या देतात. कोचला मात्र सगळं दिसत असतं.

मला त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 1978 चा काळ. खेळता खेळताच त्यांनी मिनेसोटा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, ती याच वर्षी. बायको सिगरेट सोडायला धावू लागली म्हणून हेही धावू लागले आणि मग लांब पल्ल्याची ओढच लागली. वजन उतरलं. व्हायकिंग्जना वाटलं की एवढ्या हलक्या माणसाचं रांगेत काम नाही, आणि हंगामाच्या मध्यावर त्यांना सोडून दिलं. शिकागो बेअर्सनी अवघ्या 100 डॉलरांत घेतलं. तिथले मुख्य प्रशिक्षक नील आर्मस्ट्राँग (चंद्रावर गेलेले ते वेगळे) आधी व्हायकिंग्जचा बचाव सांभाळायचे, त्यांना हा माणूस पक्का माहीत होता. पेज 1981 पर्यंत तिथे खेळले आणि वर सांगितलेल्या सॅकपैकी 40 शिकागोतल्या. त्यांचा खेळ वजनावर नव्हताच, चेंडू हलताक्षणी सुटण्यावर होता. समोरचा गार्ड उभा राहीपर्यंत हे त्याच्या खांद्याशेजारून निघून गेलेले असायचे.

प्रसाद_ऑस्टिन:
मेधाताई, मनापासून आभार. हे सगळं त्याला आज रात्रीच सांगतो. दुखापतींचं काय? आणि खेळ संपल्यावर?

मेधा_मिनिआपोलिस:
15 हंगाम, 218 सामने, एकही चुकला नाही. पण म्हणून हा खेळ सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही. पेज यांची करंगळी पहिल्या पेरापासून काटकोनात बाहेर वळलेली आहे. मी ज्या शाळेत काम करते तिथे ते मुलांशी बोलायला आले होते, तेव्हा पहिलीतल्या मुलांना त्या बोटापुढे दुसरं काही सुचत नव्हतं आणि त्यांनीही हात पुढे करून सगळ्यांना ते शांतपणे पाहू दिलं. बोट दिसतं तरी, डोक्याला बसलेला मार दिसत नाही. चक्कर, डोकेदुखी, उजेड सहन न होणं, यातलं काहीही वाटलं तर मुलाने लपवू नये आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पुन्हा मैदानात उतरू नये. इथे वहिनींचं ऐका, कोचचं नाही.

खेळानंतरचं तर त्याहून मोठं. वकिली, मग राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात काम. 1992 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी उभं राहायचं ठरवलं, तर गव्हर्नरने एका न्यायमूर्तींची मुदत वाढवल्यामुळे त्या जागेची निवडणूकच होणार नव्हती. पेज त्याविरुद्ध कोर्टात गेले, जिंकले, मग निवडणूकही जिंकली. त्या न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. 2015 मध्ये सत्तरीच्या नियमाने निवृत्त होईपर्यंत तिथे होते.

अभ्यासाबद्दल वहिनींना एवढं सांगा. व्हायकिंग्जच्या बैठकीत डावपेचांची वही मोठ्याने वाचायला सांगितली, तेव्हा कॉलेजात शिकून आलेल्या काही सहकाऱ्यांना ती वाचता येईना. पेज हे विसरले नाहीत. हॉल ऑफ फेमच्या समारंभात आपली ओळख करून द्यायला त्यांनी कुणा प्रशिक्षकाला नाही, मिनिआपोलिसच्या शाळेच्या मुख्याध्यापिका विलरीन बीझली यांना बोलावलं आणि भाषण केलं ते शिक्षणावर. त्याच वर्षी शिष्यवृत्त्यांसाठी संस्था काढली.

अमेय_नाशिक:
ताई, त्यांचे जुने सामने बघायला मिळतात का?

मेधा_मिनिआपोलिस:
तुकडे मिळतात. 1971 चा डेट्रॉइटविरुद्धचा शोधा, पंचांनी दंड दिल्यावर चिडून ते कसे तुटून पडले ते दिसेल. व्हायकिंग्जकडून जर्सी 88, शिकागोकडून 82. प्रसाद, मुलासोबत बघताना चेंडूवरची नजर काढा आणि फक्त समोरच्या गार्डचे पाय बघा.